निंबखेडच्या माळावरचे स्टेशन

नत्थुजी जमीन घेण्यापूर्वी तिची चिमूटभर माती जिभेवर ठेवीत. त्यांचे चिरंजीव मानाजी माती चाखत नसत. ते ओंजळभर ढेकूळ फोडून नाकाशी धरीत. मानाजींचे चिरंजीव पुंजाराम यांनी या दोन्ही रीती सोडल्या आणि चैत्रातल्या उन्हात शेत अनवाणी तुडवावे, टाचेला काय कळते ते पाहावे, एवढीच परीक्षा ठेवली. या तिघांनी मिळून अमरावतीजवळ थोडी पण चोख काळी जमीन केली, आणि तिघांपैकी एकालाही अक्षर ओळखता येत नव्हते. पुंजारामांचे चिरंजीव सूर्यभानजी हे या घराण्यातले पहिले शिकलेले पुरुष. त्यांनी जमीन घेतली ती कंपासाने.

सूर्यभानजी अमरावतीच्या सरकारी शाळेत भूमिती आणि भूगोल, आणि बुधवारी थोडे पदार्थविज्ञान शिकवीत. नागपुरास शिकून आल्यापासून ते पुस्तकी मराठी बोलत, आणि घरी पत्नीशी बोलतानाही ती सोडत नसत. माणिकबाईंना ती अर्धी कळे. उरलेल्या अर्ध्यात काही महत्त्वाचे नसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

या गृहस्थांवर एक जुने देणे होते. रुपयांचे नव्हते, बैलांचे होते. तीस वर्षांमागे, दुष्काळात, पेरणीच्या तोंडावर पुंजारामांचे दोन्ही बैल गेले. तेव्हा त्यांची थोरली बहीण तानुबाई हिने सासरच्या गोठ्यातली जोडी सोडून आणली, जू, कासरे आणि एकवीस घुंगरांची पितळी माळ यांसकट भावाच्या स्वाधीन केली आणि सांगितले, "पोळ्याले परत आन." पोळा आला. त्याआधी एक बैल फऱ्या रोगाने गेला होता. भाऊ म्हणाला, पुढच्या पोळ्याला. असे सव्वीस पोळे गेले. पुंजारामांनी प्राण सोडताना मुलाचा हात धरून "आक्काचे बैल" एवढे दोनच शब्द उच्चारले, आणि त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही असे समजून ते गेले.

सूर्यभानजींनी वासरांपासून एक जोडी वाढवली. शेवंत्या आणि हरण्या. पांढरीशुभ्र, एका उंचीची, एका चालीची. ती जोडी आत्याला द्यायची, हे घरात ठरलेले होते. कधी द्यायची, तेवढे ठरलेले नव्हते. ते तानुबाईंनीच ठरवले. शके सतराशे शहाऐंशीच्या पोळ्याला अकोल्याहून त्यांचा निरोप आला: "पुढच्या पोळ्याले माह्या दारात माही जोडी पायजे. नाई तं म्या अमरावतीले यीन, तुमच्या पोळ्याच्या तोरनाखाली उभी राहीन, अन पुंजारामाच्या घरानं बहिनीचे बैल खाल्ले म्हनून साऱ्या गावाले सांगीन."

तानुबाईंना बैलांची गरज होती असे कोणी समजू नये. त्या विधवा होत्या, पण अकोल्यात मोर्णेच्या काठी त्यांचा स्वतःचा गाडीतळ होता. कापसाच्या गाड्या तेथे मुक्कामाला सुटत. बैलांना कडबा, सरकी आणि हौदाचे पाणी मिळे. रोज दोन-तीनशे बैल ज्यांच्या हौदावर पाणी पीत, त्यांना आणखी दोन बैल कशाला हवेत? हवे होते ते एवढेच, की जे घेतले ते परत यावे. हे ज्याला समजत नाही त्याने ही हकिकत येथेच सोडावी.

निरोप आला तेव्हा सूर्यभानजींनी दुसऱ्याच दिवशी जोडी घेऊन अकोल्याचा रस्ता धरला असता, तर पुढचे काही घडले नसते. परंतु त्या वर्षी वऱ्हाडाला कापसाचे वेड लागले होते. सातासमुद्रापलीकडे कोणी दोघे भाऊबंद लढत होते, त्यांचा कापूस बाजारात येत नव्हता, आणि त्यामुळे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोणा पाटलाने गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली, अशी बातमी रोज नव्या गावाच्या नावाने येई. गाडीला बैल मिळेनात. शेवंत्या आणि हरण्या यांच्याकडे रस्त्याने जाणारी माणसे अशा नजरेने पाहू लागली की माणिकबाई सकाळ-संध्याकाळ त्यांची दृष्ट काढू लागल्या.

शेजारी अब्दुल गफ्फार राहत. पिढ्यान्‌पिढ्यांचे पिंजारी, या तेजीत दलाल झालेले. सल्ला द्यायला त्यांना विचारावे लागत नसे.

"मास्तर, बैल काहून बांधून ठेवले गा? आज इकले तं जमीन येते. जमीन उद्या इकली तं चार बैल येते. दोन बुढीले द्या, दोन तुमाले. हिसाब साफ आहे."

नेमके हेच सूर्यभानजींच्या मनात होते, फक्त अधिक शास्त्रीय रीतीने. त्यांच्याजवळ मुंबईत छापलेले संपत्तीच्या शास्त्राचे एक लाल बांधणीचे पुस्तक होते. जमिनीचे मोल तिच्या मातीवरून ठरत नसून ती कोठे आहे यावरून ठरते, असे त्याच्या सातव्या प्रकरणात लिहिले होते. आगगाडी येणार हे तर सर्वांनाच माहीत होते. मूर्तिजापूर व बडनेरा येथे स्टेशने होणार, हेही. मग मधले स्टेशन कोठे होणार? सूर्यभानजींनी नकाशा पसरला, कंपासाने दोन चाप काढले, छेदबिंदू जोडले आणि रेषेच्या बरोबर मध्यावर टोक रोवले. ते निंबखेडच्या माळावर पडले. स्वतः जाऊन पाहतात तो काय, माळाच्या मधोमध मोजणीवाल्यांनी रोवलेला, चुन्याने पांढरा केलेला एक दगड! भूमिती आणि सरकार यांचे एकमत झालेले त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आले.

तरी वडीलधाऱ्यांच्या कानावर घालावे म्हणून दिवाळीत ते नकाशा घेऊन अकोल्यास गेले. तानुबाई हौदाच्या कठड्यावर बसून पाण्यावर आलेले बैल मोजीत होत्या. त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"हे भोक कायचं?"

"येथेच स्टेशन होणार, आत्याबाई."

"तेथी पानी आहे का?"

"पाण्याचा येथे संबंध नाही. जागेचे मोल तिच्या स्थानावरून ठरते, असे शास्त्र आहे."

"कोनाचं शास्त्र?"

"विलायतेतील पंडितांचे."

"त्याइची शेती किती आहे?"

पुस्तकात ते दिलेले नव्हते.

"हे पाय, सूर्यभान," तानुबाई म्हणाल्या, "तीस वर्सं झाले, म्या गाड्या थांबतानी पाहून राहिली. गाडीवान कोठी थांबते? दोन गावाच्या मधात नाई थांबत. बैल जेथी पानी पेते, तेथी थांबते. तुहं इंजन पानी पेते का नाई?"

"आत्याबाई, ते लोखंडाचे आहे."

"लोखंडाचं असन. पन ओढून तं राहिलं ना?"

सूर्यभानजी हसले. ते हसणे पुढे वर्षभर त्यांच्या घशात अडकून राहिले, कारण इंजिन वाफेवर चालते हे ते स्वतः वर्गात दर बुधवारी शिकवीत, आणि वाफ कशाची होते हा प्रश्न त्यांना एकाही बुधवारी पडला नव्हता. पण तो भाग पदार्थविज्ञानाचा. आणि हा व्यवहार संपत्तीच्या शास्त्राचा. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात विषय वेगवेगळ्या पेट्यांत ठेवलेले असतात आणि एका पेटीतले दुसऱ्या पेटीला कळत नाही.

निघताना तानुबाईंनी एवढेच विचारले, "बैल बरे आहेत ना?" सूर्यभानजी म्हणाले, "उत्तम आहेत." ते खरेच होते. माळ त्याच बैलांवर घ्यायचा बेत आहे, हे त्यांनी सांगितले नाही.

माळ निंबखेडच्या पंजाबराव पाटलांचा. बारा एकर. त्यावर कुसळी गवताखेरीज काही उगवल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते. पाटलांनी जोडी पाहिली, शेवंत्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि इतका वेळ उसासे टाकले की सूर्यभानजींना त्यांची दया आली.

"माळ माह्या आज्याचा आहे, मास्तर. जीव तुटून राहिला. पन तुमी शिकले-सवरले मानूस, तुमाले नाई कसं म्हनू?"

बारा एकराला एक जोडी, आत्याचे जू, कासरे आणि घुंगरमाळ यांसह. दावे सोडताना हरण्याने मान झटकली आणि माळेतले एक घुंगरू तुटून सूर्यभानजींच्या हातात आले. पाटील तोवर जोडी घेऊन चालू लागले होते. मागून हाक मारून घुंगरू देणे मास्तरांच्या पदवीला शोभले नसते, म्हणून त्यांनी ते बंडीच्या खिशात टाकले. तेव्हापासून फळ्याकडे वळले की खिसा वाजे, आणि सारा वर्ग खाली मान घालून खांदे हलवी.

यानंतर जमीन नावावर चढवणे आले. कचेरी मूर्तिजापूरला. पहिल्या खेपेस कारकून जेवायला गेले होते. दुसऱ्या खेपेस ते आले होते, पण दप्तर मोजणीसाठी बाहेर गेले होते. तिसऱ्या खेपेस दोघेही हजर होते. तेव्हा असे निघाले की चतुःसीमा लिहून आणायला हवी, आणि पूर्वेच्या शेतवाल्याचा अंगठा हवा, आणि तो काशीस गेला आहे. तीन खेपांत पायताणाचा एक जोड झिजला. माणिकबाई रोज संध्याकाळी गोठ्यातल्या रिकाम्या दाव्याकडे पाहत. बोलत काही नसत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आता एक भीती सूर्यभानजींना पोखरू लागली. मोजणीचा तो पांढरा दगड कोणी उपटला तर? गुरे त्याला अंग घासतात. बायका पाटा करायला दगड शोधीत असतात. स्टेशनच चोरीला जाण्यासारखे होते ते. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली, आणि ती पुस्तकातली नसून सर्वस्वी त्यांची स्वतःची होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांनी निंबखेडच्या पारावर उभे राहून गंभीर आवाजात बजावले, की माळावरच्या त्या दगडाला कोणी शिवू नये, त्याच्याजवळ जोडे घालून जाऊ नये, आणि आंघोळ केल्यावाचून तर मुळीच जाऊ नये.

वऱ्हाडात जन्मलेल्या, वऱ्हाडात वाढलेल्या, चार पिढ्यांच्या कुणब्याने हे वाक्य उच्चारावे! शनिवारी दगडाला शेंदूर लागला. पुढच्या शनिवारी नारळ फुटला. महिन्याभरात हिरवे निशाण, दोन मातीचे घोडे आणि मोर्शीकडून आलेली एक बाई, जिच्या अंगात वारे येई, एवढा संसार त्या दगडाभोवती जमला. त्याला नाव पडले मोजणीबाबा.

कचेरीतून पत्र आले: सदर जमिनीत देवस्थान असल्याचे कळते, खुलासा करावा. सूर्यभानजी चौथ्यांदा मूर्तिजापूरला गेले. कारकुनाने लेखणी शाईत बुडवली.

"देवाचं नाव?"

"देव नाही तो. सरकारी दगड आहे."

"सरकारी दगडाले शेंदूर नसते, मास्तर. नाव सांगा, रकाना रिकामा ठेवता येत नाई."

"मोजणीबाबा," सूर्यभानजी अगदी हळू म्हणाले.

"किती वर्सांपासून?"

"दोन महिने."

कारकुनाने त्यांच्याकडे करुणेने पाहिले आणि लिहिले, "पुरातन."

आणखी चार खेपांनी माळ नावावर चढला. मग वैशाखात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. ते दोघे भाऊबंद लढायचे थांबले, आणि कापूस असा आपटला की अब्दुल गफ्फारांनी पुन्हा पिंजणाची धनुकली खुंटीवरून काढली. "म्या तं पयलेच म्हनलं होतं, मास्तर, बैल इकू नका," ते धूळ झटकीत म्हणाले. सूर्यभानजी वाद घालण्याच्या पलीकडे गेले होते. दुसरी गोष्ट म्हणजे मोजणीचा साहेब निंबखेडला आला. त्याला दगड उपटून न्यायचा होता. मजूर चार हात दूर उभे राहून हात जोडून राहिले. साहेबाने दुभाष्याकडून सूर्यभानजींना सांगितले, की हा दगड स्टेशनाचा नव्हे. जमिनीचा चढउतार पाहण्यासाठी त्यांनी असे शेकडो दगड रोवले आहेत. स्टेशन अडीच कोसांवर, पिंपरीच्या नाल्यावर होणार.

"पिंपरीला का?" सूर्यभानजींनी विचारले, जरी उत्तर त्यांना आधीच ऐकू येत होते.

"तेथे बारमाही पाणी आहे," दुभाष्या म्हणाला. "इंजनाले लागते."

सूर्यभानजी देवासमोर खाली बसले. जोडे काढायला ते विसरले नाहीत. पोळ्याला चार महिने उरले होते. बारा एकर कुसळे आणि एक देव एवढी त्यांची संपत्ती होती. आत्या तोरणाखाली उभी राहील. हातातली काठी टेकीत एकेक शब्द बोलेल. आणि तिचे सगळे खरे असेल.

बातमी अकोल्यास पोचायला आठ दिवस लागले. तानुबाईंना निंबखेडला पोचायला तीन. त्या आपल्या बैलांच्या दमणीतून उतरल्या, मोजणीबाबाला लांबूनच नमस्कार केला आणि भाच्याकडे पाहून म्हणाल्या:

"बैल इकले."

"होय."

"दिवाळीले मले सांगतलं नाई."

"नाही."

"आंघोळ केल्याबिगर शिऊ नका, हे कोन्या पुस्तकात होतं?"

तानुबाईंनी वहाणा काढल्या आणि भर उन्हात माळावर चालू लागल्या. पुंजारामांची बहीण ती. टाचेची रीत तिच्याकडेही आली होती. दहा पावलांवर थांबल्या, टाच घोळवली, काठीने एक खपली उचकटली. खाली पिवळसर, दाणेदार, घट्ट थर होता.

"मुरूम," त्या म्हणाल्या. "माह्या गाडीतळावर पावसाया आला का दरसाल तीस गाड्या टाकते म्या. नाई तं चाकं तुंब्यापोतर रुततेत. हे लोखंडाची गाडी काय चिखलातून जाईन?"

लोहमार्गाचा भराव अर्ध्या कोसावर चालला होता आणि कंत्राटदार मुरूम सात कोसांवरून आणीत होता. तानुबाई त्याच्याकडे गेल्या. भाव ठरवताना रुमालाखाली बोटे धरायची, ही पुरुषांची रीत. बाईमाणसाला ती करता येत नाही, म्हणून तानुबाईंनी सौदा मोठ्याने केला. त्यामुळे झाले असे, की चारशे मजुरांना भाव ऐकू गेला आणि कंत्राटदाराला तो पुन्हा खाली आणता आला नाही.

"पैसे याच्या हातात द्या," त्या सूर्यभानजींकडे बोट करून म्हणाल्या. "माहा याच्यात संबंध नाई. माहे बैल येनं आहेत."

एवढे बोलून त्या दमणीत बसल्या. भाच्याने जेवायला थांबा म्हटले, तर म्हणाल्या, "पोळ्याले जेवू."

शाळेची सुट्टी सूर्यभानजींनी माळावर काढली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गाड्या मोजायच्या, प्रत्येक गाडी काठोकाठ आहे की टोपलीभर कमी हे पाहायचे, आणि मजुरांना मोजणीबाबापासून तीन हात दूर खणायला लावायचे. त्याहून जवळ जायला मजूर स्वतःच तयार नव्हते. नाकाची साल निघाली. पुस्तकी मराठी मजुरांना कळेना, तेव्हा तीही निघू लागली. दीड महिन्याने, पहिले ढग आले तेव्हा, बारा एकरांच्या जागी एक मोठा खड्डा होता, आणि त्याच्या मधोमध पुरुषभर उंचीच्या मुरमाच्या खांबावर शेंदूर लावलेला एक दगड निशाणासह बसला होता. आगगाडीच्या मार्गावरून तो दोन कोसांवरून दिसे.

पंजाबराव पाटलांकडे जोडी उभ्यानेच खात होती. कापूस पडला, रूळ आले. गाड्यांना कोणी विचारीना. तरी पाटलांनी उसासे टाकले.

"जीव लागला मास्तर, जनावराले. पैसे तं ठीक आहेत. पन..."

"पण काय?"

"तो खांब. देवाचं राखनं गावच्या पाटलाकडे असावं, असं आपलं मले वाटते."

सूर्यभानजींनी मुरमाचे बहुतेक सगळे पैसे आणि वर मोजणीबाबा असे देऊन शेवंत्या आणि हरण्या, जू, कासरे आणि माळेसकट, परत घेतले. शास्त्राप्रमाणे दोनाचे चार व्हायचे होते. वर्षभर खपून, आठ खेपा घालून, चार पायताणे झिजवून दोनाचे दोन झाले होते, आणि सूर्यभानजींना त्यात काही उणे दिसेना.

पोळ्याच्या चार दिवस आधी ते पायी निघाले. जोडीला गाडी जुंपली नाही. दुसऱ्याची जनावरे ओढायला लावणे त्यांना बरे वाटेना. पिंपरीला नाल्यावर थांबले तेव्हा तेथे विटांची टाकी बांधली जात होती. बैल पाणी प्यायले. सूर्यभानजींनी टाकीकडे पाहिले, मग बैलांकडे, आणि पुढे चालू लागले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी ते अकोल्यात पोचले. मोर्णेवर जोडी धुतली, शिंगांना हिंगूळ लावला, माणिकबाईंनी शिवलेल्या झुली घातल्या. गाडीतळाच्या दारात तानुबाई आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या, आणि मागे दहाबारा गाडीवान. ताट त्यांनी लगेच ओवाळले नाही. आधी बैलांचे दात पाहिले. खूर पाहिले. वशिंडावर थाप मारली. जू हातात धरून त्याची जुनी भेग तपासली. कासरे ओढून पाहिले. मग हरण्याच्या गळ्यातली माळ मुठीत घेतली आणि एकेक घुंगरू अंगठ्याने सरकवीत मोजू लागल्या.

"वीस," त्या म्हणाल्या. "एकवीस दिले होते."

सूर्यभानजींनी बंडीच्या खिशात हात घातला. वर्षभर ज्याने वर्गात त्यांची लाज काढली होती, ते त्यांनी आत्याच्या तळहातावर ठेवले.

"हे घ्या, आत्याबाई. माह्या खिशात होतं."

तानुबाईंनी घुंगरू कानाशी नेऊन वाजवले. माळेच्या रिकाम्या जागी सुतळीने बांधले, गाठ दाताने आवळली. मग ताट ओवाळले; शेवंत्याला पुरणपोळी दिली, हरण्याला दिली.

"फिटलं," त्या गाडीवानांकडे वळून, तोरणाखाली उभे राहून बोलावे तसे म्हणाल्या. "माह्या भावाच्या घराकडून सारं आलं. काई बाकी नाई."

मग भाच्याकडे पाहून:

"पाय धू. जेवाले बस. पुरन थंड होऊन राहिलं."